चिकटवलेली पाने

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमच्या गुलमंडीवरच्या घरी नेहमीप्रमाणे सगळे कुटुंब फराळाला जमले होते. ओवाळणे आटोपले होते, चिवड्याच्या बशा फिरत होत्या, आणि माझ्या मोठ्या दिरांनी माझ्या नातीला सहज विचारले, "काय गं, पीएच.डी.ला विषय कोणता घेतेस?" नात म्हणाली, "मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासातील लिंगभाव आणि लैंगिकता." खोलीत एकदम शांतता पसरली. सुनेने लहान मुलांना अंगणात फटाके उडवायला पिटाळले. भाऊजींनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "असले विषय आपल्या घरात? ही परदेशी खुळं आहेत. पोरीला स्थळं येताहेत. निदान लोकांना सांगताना नुसते 'इतिहास' म्हणून सांगत जा."

कुणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही. बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. पण त्या दिवशी रिकामे झालेले करंज्यांचे ताट उचलून मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. हा लेख म्हणजे तेव्हा न दिलेले उत्तर आहे. भाऊजी दरवर्षी दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून ते इथेच देते.

आधी त्या दोन अवजड शब्दांविषयी. मूल जन्माला येते ते देह घेऊन. पण मुलीने मोठ्याने हसू नये, मुलाने रडू नये, गरम पोळी आधी कुणाच्या पानात पडावी आणि उष्टी कुणी काढावी, हे काही निसर्गाने ठरवलेले नाही. ते माणसांनी ठरवले, आणि निरनिराळ्या काळी निरनिराळे ठरवले. त्या ठरवण्याला म्हणायचे लिंगभाव. लैंगिकता म्हणजे कामभावना आणि तिच्याभोवती समाजाने उभे केलेले विधिनिषेध. या गोष्टी लढायांच्या आणि तहांच्या इतिहासात सापडत नाहीत. त्या काव्यात, शिल्पांत, कायद्यांत, पोशाखात, जात्यावरच्या गाण्यांत आणि सोवळ्याओवळ्यात सापडतात. तिथे जाऊन त्या शोधायच्या, एवढाच नातीच्या विषयाचा अर्थ. यात खूळ कोणते आणि परदेश कोणता, ते मला अजून उमगलेले नाही.

परदेशी म्हणता, तर फार लांब जायला नको. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. कागदोपत्री शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, आमच्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबाद येते. पण पैठण त्या दोन्ही नावांहून जुने. ते सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्या राजकुळातल्या हालाच्या नावाने 'गाथासप्तशती' हा सातशे गाथांचा संग्रह चालत आला आहे. आपल्या मराठीची आजी म्हणावी अशा माहाराष्ट्री प्राकृतात तो आहे. त्यात देवादिकांच्या कथा जवळजवळ नाहीत. आहेत ती गोदाकाठची शेते, नांगरट, पूर, सासवा, आत्याबाई, दिरांच्या खोड्या, परगावी गेलेले नवरे आणि मागे राहिलेल्या बायका. बहुतेक गाथांत बोलणारी बाईच आहे, आणि ती आपल्या मनाचे व देहाचे सुखदुःख मैत्रिणीपाशी मोकळेपणाने बोलते. जर्मन पंडित वेबर यांनी या संग्रहाची संपूर्ण आवृत्ती १८८१ साली छापली. मराठीत स. आ. जोगळेकरांनी मोठ्या कष्टाने ती १९५६ साली आणली. म्हणजे परदेशाने आपल्यावर लादलेली ही वस्तू नाही. आपल्या परसातली वस्तू आधी परदेशाने जपून छापली आणि आपण पंचाहत्तर वर्षांनी जागे झालो.

हे पुस्तक मी प्रथम पाहिले ते बी.ए.ला असताना, एका वाचनालयात. उघडले तर मधली काही पाने एकमेकांना चिकटलेली. ओल लागली असेल असे वाटले. नीट पाहिले तर कडेकडेने खळ लावलेली होती. तिथल्या गृहस्थांना विचारले, तर पुस्तक माझ्या हातातून घेत ते म्हणाले, "ते मुलींसाठी नाही." मी पुढे काही विचारले नाही. मुकाट्याने ताट उचलून जाण्याची सवय तेव्हापासूनची असावी.

पुढे नोकरी लागल्यावर मी स्वतःची प्रत मिळवली, आणि कुतूहलाने पहिल्यांदा ती झाकलेली पाने काढली. त्यांत भयंकर काय होते? एक सून घरी रात्रीपुरत्या उतरलेल्या वाटसरूला सासू कुठे निजते आणि आपण कुठे निजतो हे अशा बेताने सांगते, की शब्दांत निषेध आणि अर्थात आमंत्रण. हीच गाथा नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त उदाहरणाला घेतली, आणि तेव्हापासून काव्यशास्त्राचे पंडित ती शिष्यांना शिकवत आले आहेत. काश्मीरच्या पंडिताला जी गाथा शिष्यांपुढे सांगताना संकोच वाटला नाही, ती पैठणच्या शेजारच्या मुलीने वाचू नये म्हणून कुणी तरी खळ शिजवली! गाथेतली सासू निदान रात्री झोपत तरी होती.

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट पाहा. वेरूळला आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी डोंगर फोडून कैलास लेणे उभे केले. त्याच्या भिंतींवर देवांच्या शेजारी प्रणयी युगुले आहेत. शाळेच्या सहली तिथे दरवर्षी जातात. मीच कितीतरी नेल्या आहेत. मुले पाहतात, थोडी खुसखुसतात, आणि पुढे हत्तीजवळ जाऊन डबे उघडतात. कुणाची संस्कृती बुडालेली मी पाहिली नाही. अजिंठ्याच्या काही चित्रांत राणीच्या अंगावर नुसते तलम वस्त्र आणि दागिने आहेत, आणि तिच्या दासीच्या अंगात मात्र शिवलेली चोळी आहे. म्हणजे अंग झाकणे हे तेव्हा कुलीनपणाचे लक्षण नव्हते. आजही वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात शिरताना पुरुषांना सदरा काढावा लागतो, आणि त्यात कुणाला काही अशोभनीय वाटत नाही.

तेव्हा मला प्रश्न पडला तो असा. वेरूळच्या भिंतीवर कुणी पडदा टाकत नाही, मग पुस्तकाच्या पानाला खळ का? पुष्कळ वर्षे विचार करून मला सुचलेले उत्तर सांगते. वेरूळची युगुले मुकी आहेत. गाथेतली बाई बोलते. आपल्याकडे देह झाकण्याची हौस फारशी कधी नव्हती. झाकले गेले ते बाईचे बोलणे, आणि विशेषतः स्वतःच्या देहाविषयी स्वतः बोलणे. खळ लावणाऱ्या त्या गृहस्थांना खटकले ते अंग नव्हे, तोंड खटकले.

पटत नसेल तर पुन्हा पैठणलाच चला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी तिथे राहिले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त गोळा केल्या, आणि मराठी गद्याचा आरंभ आपण तिथून मोजतो. स्वामींच्या भोवती बायका पुष्कळ होत्या: पैठणची बाइसा, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचे नाव मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले ती महदाइसा. बायकांच्या मासिक धर्माविषयी स्वामींचे म्हणणे असे नोंदलेले आहे, की नाकाडोळ्यांतून जसा मळ येतो तसाच हा देहाचा एक स्राव. येतो आणि थांबतो. त्याचा विटाळ मानू नये. सातशे वर्षांपूर्वी, देवगिरीवर यादवांचे राज्य असताना, आपल्या गोदाकाठी हे बोलले गेले. पण पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद झाले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपीची किल्ली प्रसिद्ध करीपर्यंत बाहेरच्या जगाला बंदच राहिले. ही दुसरी खळ.

आणि माझे काय झाले? १९६४ साली मी तेरा वर्षांची होते. चार दिवस मागच्या पडवीत एक घोंगडी, एक तांब्या आणि एक पितळी घेऊन मी बसत असे. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला नेमका कावळा शिवला. घरात दिवे लागले, लाह्याबत्तासे वाटले गेले. माझ्या वाट्याचे आईने दुरून पदरात टाकले. 'हे असे का?' म्हणून विचारले तर आजी म्हणाली, "आपल्यात पहिल्यापासून असंच आहे." पहिल्यापासून! पैठणला पहिल्यापासून दुसरेही काही सांगितले गेले होते, हे त्या माउलीला कुणी कधी कळू दिले नव्हते. पुढे महदाइसेवरचा धडा मी इतक्यांदा शिकवला, पण त्या पुस्तकातही विटाळाची गोष्ट नव्हतीच. सांस्कृतिक इतिहासाचा अभ्यास कशाला हवा, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ही पडवी आहे. इतिहास ठाऊक नसला की आजीला जे आठवते तेच अनादि वाटू लागते.

तिसरी खळ ताराबाई शिंद्यांच्या पुस्तकाला लागली. ताराबाई शेजारच्या बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकट्या बायकांच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले. तेव्हा ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापली आणि साधा प्रश्न केला, की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? विधवेला मूल होते ते वाऱ्याने होत नाही, मग शिक्षा एकटीलाच कशी? जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाकीच्यांनी इतकी टीका केली, की ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचे दिसत नाही. ते पुस्तक पुन्हा लोकांसमोर आले १९७५ साली, स. गं. मालशे यांनी शोधून छापले तेव्हा. मधली ९३ वर्षे बुलढाण्याच्या मुलींनाही ताराबाई ठाऊक नव्हत्या. आज आपल्या विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्राला ताराबाईंचे नाव आहे. ते केंद्रही परदेशी म्हणायचे काय?

इथवर वाचून दुसऱ्या बाजूची मंडळी खूश झाली असतील. त्यांना वाटते, पूर्वी आपल्याकडे सगळे मोकळेढाकळे होते, बायका स्वतंत्र होत्या, आणि परकीयांनी येऊन सगळे बिघडवले. त्यांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. गाथासप्तशतीच्या टीकाकारांनी रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा काही कवयित्रींची नावे दिली आहेत. पण बहुतेक नावे पुरुषांची आहेत. मग त्या बायकांचे बोलणे खरोखर बायकांचे किती, आणि पुरुषाला ऐकायला आवडेल ते बाईच्या तोंडी घातलेले किती? हाच प्रश्न लावणीला विचारा. शृंगाराची आर्जवे बाईच्या तोंडी आहेत, लेखणी शाहिराची आहे, पैसा फेकणारा पुरुष आहे, आणि नाचणारी ठरावीक जातींत जन्मलेली म्हणून फडात उभी आहे. लावणी वाचायची तर जातीसकट वाचावी लागते, हे पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी दाखवून दिले. उलट बाईचे स्वतःचे बोलणे ऐकायचे असेल तर जात्यापाशी जावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत नवऱ्याची माया आहे, मारही आहे. तात्पर्य, आमचा भूतकाळ सुवर्णाचाही नाही आणि शेणाचाही नाही. तो तपासावा लागतो, आणि तपासणाऱ्या मुलीला घरच्यांनी गप्प बसवून चालत नाही.

काही गोष्टी तर 'आपली संस्कृती' म्हणून आपण उराशी धरतो आणि तपासल्या तर भलत्याच निघतात. पुरुषाचे पुरुषावर, बाईचे बाईवर प्रेम हा गुन्हा ठरवणारे कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातले. ते १८६२ पासून अमलात आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या खासगी, परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. तेव्हा ओरड झाली की परदेशी विचार आले. वास्तविक परदेशी होते ते कलम. आपल्याच शहरात अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी हे मोठे उर्दू कवी होऊन गेले. एका तरुणाविषयीचे प्रेम आणि त्याचा विरह हा त्यांच्या 'बोस्तान-ए-खयाल' या मसनवीचा विषय आहे. सूफी मंडळी त्यात ईश्वराची ओढ वाचतात, इतर लोक माणसाची वाचतात. ज्याने त्याने आपापल्या परीने वाचावे. पण त्यासाठी पाने सुटी तर पाहिजेत. आणि भाऊजी, आपल्या आईंनी केस कसे बांधावे, नऊवारी कशी नेसावी, हे कुणाचे पाहून ठरवले, ते आठवा. त्या अभिमानाने सांगत, बालगंधर्वांचे पाहून! मराठी कुलस्त्रीच्या शालीनतेचा नमुना एक पुरुष होता. आपण ते नाटक म्हणून सोडून देतो. माझी नात त्यावर एक प्रकरण लिहू पाहते.

राहता राहिला आक्षेप मुले बिघडण्याचा. हा फार जुना आहे. १८९१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा दहा वर्षांच्या मुलीचे रक्षण केल्याने धर्म बुडेल असे सांगणारे विद्वान होते. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि संततिनियमनाविषयी व कामजीवनाविषयी शास्त्रीय भाषेत लिहिले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले. पण कर्व्यांनी मासिक १९५३ साली मरेपर्यंत चालवले, आणि त्यांनी सांगितलेले संततिनियमन पुढे सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर रंगवले गेले. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले, ते आजचे मिलिंद. ज्या गावात त्यांनी ज्ञानाची दारे उघडली, ज्या गावाच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, तिथे अमुक ज्ञान मुलींसाठी नाही, असे म्हणणे निदान शोभत नाही.

मुले बिघडतात ती कुजबुजीने. आज प्रत्येक पोराच्या खिशात फोन आहे, आणि त्यात काय काय दिसते ते सुनेला ठाऊक आहे, भाऊजींनाही असावे. त्याला खळ लावता येत नाही. त्या ओंगळ गर्दीत मुलाला कुणी तरी सांगायला हवे, की बाई ही बोलणारी, नाही म्हणणारी, हो म्हणणारी व्यक्ती आहे. गाथेतली बाई हे सांगते, ताराबाई सांगतात, ओवी सांगते. या घरच्या साक्षी बाजूला सारून आपण मुलांना कुणाच्या हवाली करतो आहोत, याचा विचार वडीलधाऱ्यांनीच करायचा आहे.

स्थळांचे म्हणाल, तर विषयाचे नाव ऐकून जे परत जातील त्यांना जाऊ द्यावे. अशा घरी माझ्या नातीला आयुष्यभर 'नुसते इतिहास' म्हणत राहावे लागेल.

यंदाच्या पाडव्याला भाऊजी येतीलच. त्यांच्यासाठी कमी तिखटाचा चिवडा वेगळा काढून ठेवला आहे. नातीने विषय बदललेला नाही. अर्ज त्याच नावाने गेला आहे. तिने मलाही एक काम लावून दिले आहे: माझ्या आईच्या तोंडच्या, आठवतील तेवढ्या ओव्या वहीत उतरवायच्या. आतापर्यंत एकशे बारा झाल्या. त्यांतल्या काही मी भाऊजींसमोर मोठ्याने म्हणणार नाही, एवढी जुन्या वळणाची मी आहे. पण लिहिल्या आहेत सगळ्या, आणि वही स्वयंपाकघरातल्या फळीवर, कुणालाही उघडता येईल अशी ठेवली आहे.